पश्चिमेच्या गॅलरीचं रेलिंग कुंड्यांनी सजवायचं आहे, जळगावच्या उन्हात काय टिकेल?

सांजवारा
नमस्कार मंडळी. जळगावला नवीन घरात राहायला आलो आहोत. वरच्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला बारा फुटांची गॅलरी, खाली तेवढाच पोर्च. दोन्हीकडे चौकोनी पाइपचं लोखंडी रेलिंग, काळा रंग. तोंड पश्चिमेला, म्हणजे दुपारी एकपासून दिवस मावळेपर्यंत ऊन थेट अंगावर.
मला हे रेलिंग कुंड्यांनी भरून टाकायचं आहे. रस्त्यावरून येणाऱ्याला आधी झाडं दिसावीत, मग घर. फोटो बघितले तर सगळीकडे पेट्युनियाच पेट्युनिया, आणि तेही थंड हवेच्या गावांतले. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, त्याचं काय करायचं? दिवाळीला पाहुणे येणार आहेत. काय लावू, कशात लावू? घरात सासूबाई आहेत आणि चार वर्षांची मुलगी आहे, तेव्हा तोही विचार करून सांगा.

भुसावळकर_भो
उन्हायामा बठ्ठं जयी जास भो! म्हणजे उन्हाळ्यात सगळं जळून जातं. आधी हिरवी जाळी घ्या, मग झाडं घ्या.

गिरणाकाठ
ताई, पेट्युनियाला नावं ठेवू नका. ते आपल्याकडेही फुलतं, फक्त त्याचे महिने वेगळे. दसरा-दिवाळीच्या सुमारास नर्सऱ्यांमध्ये रोपं येतात. थंडीभर तुडुंब फुलतं आणि मार्चच्या उन्हाने आटोपतं. खानदेशात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा 10 च्या खाली उतरतो, ती थंडी या फुलांना मानवते. म्हणून रेलिंगचे दोन हंगाम धरा. थंडीत फुलांची सजावट, उन्हाळ्यात पानांची. वर्षभर एकच देखावा टिकवायला गेलात तर पैसा पाण्यात जातो.

ओटा_पडवी
गिरणाकाठ यांना पूर्ण अनुमोदन. मी धुळ्याची. आमचंही घर पश्चिममुखी आहे आणि रेलिंगवर बाराही महिने हिरवं असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

उन्हाळ्यासाठी पहिला मान पोर्तुलाकाला. आमच्याकडे त्याला ऑफिस टाइम म्हणतात, कारण सकाळी ऊन चढलं की उमलतो आणि दुपार कलली की मिटतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, जाड पानांत पाणी साठवतो. बोटभर फांदी तोडून मातीत खोचली की मूळ धरते, त्यामुळे शेजारणीकडून एक मूठ आणली तरी बारा फूट भरतील. पण त्याला पावसाची ओल सोसत नाही. आत्ता लावलात तर कुजेल. कुंड्या पावसाच्या माऱ्यातून आत घ्या आणि फेब्रुवारीत नव्याने फांद्या खोचा.

दुसरी सदाफुली. तिसरं जांभळ्या पानांचं सेटक्रिएशिया. सावलीत ते हिरवट होतं, उन्हात मात्र गर्द वांग्याच्या रंगाचं दिसतं आणि रेलिंगवरून हातभर खाली लोंबतं. चौथा जेड. छोट्या गोल पानांचा, चिवट. मे महिन्यात त्याची पानं थोडी पिवळट-लालसर होतात, पण झाड दगावत नाही.

मनी प्लांट आणि स्पायडर प्लांट पश्चिमेच्या रेलिंगवर लावू नका. एप्रिलमध्ये पानं भाजून कागदासारखी होतात. ते पोर्चच्या आतल्या भिंतीला शोभतात.

केळीबाग
रावेरहून. सगळे झाडांवर बोलताहेत, मातीवर कुणी बोललं नाही. आपली काळी कपाशीची माती कुंडीत भरू नका. शेतात ती सोनं आहे, कुंडीत नाही. भिजली की फुगते, सुकली की आक्रसते, कुंडीच्या कडेने भेग पडते. मग वरून ओतलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. तुम्हाला वाटतं भरपूर पाणी घातलं, झाड मात्र तहानलेलं.
दोन भाग पोयटा म्हणजे गाळाची माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. पोयटा नसेल तर बागेतल्या मातीत रेती मिसळा. वर भुईमुगाच्या टरफलांचा थर द्या, दोन बोटं जाड. आपल्याकडे टरफलांना तोटा नाही. ऊन मातीला लागत नाही आणि ओल धरून राहते.

सांजवारा
केळीबाग दादा, हे फार कामाचं सांगितलंत. प्लॉटवरची काळी मातीच भरणार होते.

मोजपट्टी
मी साइटवर काम करतो, म्हणून वजनाचं बोलतो. रेलिंगला अडकवायचे लांबट प्लांटर बाजारात साधारण दीड फूट लांब, सहा इंच रुंद, सहा इंच खोल मिळतात. त्यात दहा लिटरच्या आसपास माती बसते. नुसती माती भरून पाणी दिलंत तर एकेकाचं वजन सोळा-सतरा किलोपर्यंत जातं. बारा फुटांवर सात प्लांटर लावले तर सव्वाशे किलोच्या आत-बाहेर वजन रेलिंगवर टांगलेलं राहतं, आणि तेही बाहेरच्या बाजूला, म्हणजे रेलिंगला सतत बाहेर ओढत. रेलिंगचे पाय स्लॅबमध्ये कसे बसवलेत ते आधी बघा. नुसत्या स्क्रूवर उभं असेल तर टांगू नका. हाताने हलवून बघा. जरा जरी हललं तर आधी वेल्डर, मग नर्सरी.
कोकोपीट आणि खत जास्त घेतलंत तर हेच वजन बरंच उतरतं.

वळीव
मोजपट्टी यांच्या पुढे एक पाऊल जाते. कुंड्या रेलिंगच्या बाहेर टांगूच नका. मे-जूनमधलं वळवाचं वादळ आठवा. केळीच्या बागा आडव्या करणारा वारा तुमच्या प्लास्टिकच्या हुकाला ऐकतो का? खाली रस्ता आहे, माणसं जातात-येतात. कुंड्या आतल्या बाजूला अडकवा आणि झाड असं निवडा की ते रेलिंगच्या गजांतून बाहेर डोकावेल. रस्त्यावरून तेवढंच छान दिसतं.

जांभूळपान
वळीव ताई, इथे माझं मत वेगळं आहे. आत लावल्या की गॅलरी अरुंद होते. आमच्या गॅलरीत तर उभं राहायलाच तीन फूट. शिवाय मोहोर बाहेर उतरलेला दिसला नाही तर सजावट कसली? लोखंडी पट्टीचा पूर्ण चौकट-स्टँड करून रेलिंगला नटबोल्टने आवळला आणि प्लांटर त्यात खोल बसवला तर वारा त्याला काही करत नाही. बाजारातले वाकवलेले हुक मात्र नकोतच, यावर आपलं एकमत.

वळीव
चौकट नटबोल्टची असेल तर पोर्चच्या रेलिंगला हरकत नाही, तिथून पडलं तरी अंगणात पडेल. वरच्या मजल्याला मी आतच म्हणेन. आणि चार वर्षांची मुलगी आहे. कुंडीवर पाय देऊन रेलिंगवर चढता येईल अशी एकही कुंडी जमिनीवर रेलिंगला लागून ठेवू नका. हे सगळ्यांत आधी.

सांजवारा
हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. मनापासून आभार.

भुसावळकर_भो
+1. आणि माकडांचं कुणी बोललं नाही! सातपुड्याच्या पायथ्याकडे माझी बहीण राहते, तिथे माकडांची टोळी आली की रेलिंगवरच्या कुंड्या चेंडूसारख्या खाली.

सातपुडा_पायथा
खरं आहे. आम्ही कुंड्या तारेने बांधतो. माकडं जास्वंदाची फुलं आणि कोवळे शेंडे आवडीने खातात. कण्हेर आणि अडेनियमला हात लावत नाहीत.

ओटा_पडवी
त्यांचा चीक विषारी असतो ना, म्हणून. सांजवारा ताई, अडेनियम उन्हात अप्रतिम फुलतं. खोडात पाणी धरतं, मे महिन्यात गुलाबी फुलांनी भरतं. पण मुलगी लहान आहे तोवर तिच्या हाताला येणार नाही अशा ठिकाणी ठेवा, आणि छाटणी केली की हात साबणाने धुवा.

पाणीदार
खरा प्रश्न पाण्याचा. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. उन्हाळ्यात रेलिंगवरच्या छोट्या प्लांटरला दिवसातून दोनदा पाणी लागतं, कारण माती थोडी, वारा चारी बाजूंनी आणि लोखंड तापलेलं. मग घरात भांडी धुवायची की फुलं जगवायची? मला वाटतं सहा इंच खोलीचे प्लांटर आपल्या भागात घेऊच नयेत. दहा इंच खोल घ्या, संख्या कमी ठेवा. सात लहानांपेक्षा चार मोठे.

ठिबकवाला
जळगावात राहून ठिबकचा प्रश्न पडावा? अहो, ठिबक म्हटलं की अख्खा देश आपल्या गावाकडे बघतो! रेलिंगच्या आतून 16 मिलिमीटरची नळी फिरवा, प्रत्येक प्लांटरला ताशी 2 लिटर पाणी थेंबथेंब सोडणारे दोन ड्रिपर. सकाळी पंधरा मिनिटं सोडलं की प्रत्येक प्लांटरला एक लिटर. खाली टपकत नाही, वाया जात नाही. गच्चीवरच्या टाकीतून उताराने पाणी येत असेल तर दाब कमी मिळतो, म्हणून आधी एका ड्रिपरखाली ग्लास धरून मोजा आणि मग वेळ ठरवा.
एक सांगतो, टाकीचं पाणी उन्हाळ्यात दुपारी चटका बसेल इतकं गरम असतं. नळीत साचलेलं तर त्याहून. पाणी सकाळी सातच्या आत सोडा. संध्याकाळी द्यायचं तर नळीतलं पहिलं गरम पाणी बादलीत काढून मग.

पाणीदार
सकाळी सातच्या आत, हे पटलं. बोअरचं पाणी असेल तर ड्रिपर क्षाराने बुजतात, ते काढून अधूनमधून व्हिनेगरमध्ये भिजवावे लागतात.

मोरपीस
ठिबक नको असेल त्यांच्यासाठी वातीचा उपाय. बाटलीत पाणी, त्यात जाड दोरीचं एक टोक, दुसरं टोक मातीत. सुती वात काही महिन्यांत कुजते, नायलॉनची दोरी टिकते. आठवडाभर गावाला जायचं असेल तर कामी येतं. बाटलीचं तोंड कापसाने किंवा फडक्याने बंद ठेवा, नाहीतर डास.

आरोग्यमित्र
डासांवरून आठवलं. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी पूर्ण रिकाम्या करून घासा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीही राहतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासायचं. रेलिंगवरच्या ताटल्यांत तर शक्यतो रेती भरून ठेवा.

खालचा_मजला
सगळे वरच्या मजल्यावरचे बोलताहेत. मी खालच्या मजल्यावर राहतो. वर हौसेने झाडांना पाणी घातलं की माझ्या वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर चहाच्या रंगाचे थेंब. शेणखताचे! तुम्ही सजवा, पण ताटली लावा. तुमच्या खाली कुणी राहत असेल तर त्याला एक कुंडी भेट द्या, निम्मं भांडण तिथेच मिटतं.

सांजवारा
खाली आमचाच पोर्च आहे, म्हणून भांडण झालंच तर सासूबाईंशी. 😀 त्या म्हणतात रेलिंगवर फुलं कशाला, मिरच्या लाव.

नंदुरबारी
सासूबाई बरोबर म्हणतात! मी मिरचीच्या गावचा. आमच्याकडे हंगामात लाल मिरची वाळत घातली की मैदानच्या मैदान लालभडक होतं, लांबून बघत राहावंसं वाटतं. आभाळाकडे तोंड करून गुच्छात येणाऱ्या छोट्या मिरच्यांचं एखादं वाण रेलिंगवर लावा. हिरवी, केशरी, लाल, एकाच झाडावर तिन्ही रंग. फुलांपेक्षा जास्त दिवस टिकते आणि स्वयंपाकघरातही जाते. दहा इंच खोल कुंडीत एक झाड. आत्ता रोप लावलंत तर दिवाळीला रंग धरायला लागेल.

केळीबाग
मिरचीला अनुमोदन. हौसेला येऊन भरताचं वांगं मात्र रेलिंगवर लावू नका. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्याच्या आकारमानालाही शोभेसं आहे. एक वांगं धरलं की मोजपट्टीदादांचा हिशेब कोलमडेल.

मोजपट्टी
😂 वांग्यासाठी वेगळा कॉलम टाकावा लागेल.

रंगरेषा
मी सजावटीच्या अंगाने लिहिते, कारण मूळ प्रश्न सजवण्याचा आहे आणि आपण पाणी-माती-वजनात रमलो.

रस्त्यावरून बघणाऱ्याला एकेक फूल दिसत नाही, रंगाचा पट्टा दिसतो. सात कुंड्यांत सात रंग लावले की लांबून नुसता गोंधळ. एक रंग मुख्य धरा, दुसरा जोडीला, बाकी हिरवा. काळ्या रेलिंगवर पांढरा आणि गुलाबी उठून दिसतो. गर्द जांभळा संध्याकाळी दिसेनासा होतो. म्हणून थंडीत पांढरा आणि गुलाबी पेट्युनिया, मधे अ‍ॅलिसमचा पांढरा फेस, त्याला मधासारखा मंद वास असतो. प्रत्येक प्लांटरमध्ये मागे थोडं उंच, मधे भरीव, पुढे लोंबणारं. उंच म्हणजे फार नाही, प्लांटरच्या उंचीच्या दीडपट पुरे.

आणि टोकांना वजन द्या. बारा फुटांच्या दोन्ही टोकांना जमिनीवर मोठ्या मातीच्या कुंड्यांत बोगनवेल, रेलिंगवर तिच्या फांद्या आडव्या बांधत न्यायच्या. बोगनवेलीला पाणी कमी पडलं की फुलं जास्त. आपल्या हवामानासाठीच बनलीय म्हणा ना. काटे आहेत, म्हणून टोकाला, चालण्याच्या वाटेत नको.

आणखी एक. रेलिंगचा काळा रंग बदलून फिकट करता आला तर करा. काळं लोखंड दुपारी तापतं आणि त्याला टेकलेल्या प्लांटरची कड भाजते. मुळं नेमकी त्या कडेलाच असतात. रंग ठेवायचाच असेल तर प्लांटर आणि लोखंड यांच्या मधे तागाच्या गोणपाटाची घडी घाला. दिसतही छान.

वळीव
रंगरेषा, टोकाच्या कुंड्या जमिनीवर म्हणालात, पण लहान मुलीचं वर लिहिलंय.

रंगरेषा
बरोबर. मग वरच्या गॅलरीत बोगनवेल नको, खालच्या पोर्चमधून वर चढवू. तिथे जमिनीत किंवा अर्ध्या ड्रममध्ये लावता येईल. दोन वर्षांत वरच्या रेलिंगला पोचेल आणि वर कुंडीचं वजनही नाही.

चाळीसगावची
पोर्च उघडा असेल तर बकऱ्यांपासून जपा. आमच्या गल्लीतून कळप जातो, गुलाब आणि जास्वंद एका घासात साफ. सदाफुलीला तोंड लावत नाहीत, कडू असते. पोर्चच्या खालच्या रांगेत सदाफुली लावायचं खरं कारण हेच. मादागास्करहून आलेलं झाड, त्यातून कर्करोगावरची विनक्रिस्टीनसारखी औषधं काढतात, म्हणून कौतुक होतंच. आमच्यासाठी बकऱ्यांपासून वाचते हे पुष्कळ.

निंबोळी
जास्वंद लावणार असाल तर पिठ्या ढेकूण येणार हे धरून चाला. जास्वंद आणि कपाशी एकाच कुळातली, आणि आपल्या चहूबाजूंना कपाशी. पांढरा कापसासारखा पुंजका फांदीच्या बेचक्यात दिसला की लगेच जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा. पसरल्यावर फवारण्यांचा पाठलाग करत बसावं लागतं. पुंजक्याभोवती मुंग्यांची रांग दिसली तर समजा आणखी आहेत, मुंग्या त्यांचा गोड चिकटा खायला येतात आणि त्यांना राखतात.

प्लास्टिकबहार
एवढं करण्यापेक्षा चांगल्या प्रतीची कृत्रिम फुलं आणि वेली लावा. पाणी नको, माती नको, वजन नको. लांबून कुणाला कळतं?

ओटा_पडवी
पश्चिमेच्या उन्हात प्लास्टिकची फुलं एका उन्हाळ्यात पांढरी पडतात आणि पाकळ्या चुरा होऊन गळतात. शिवाय झाड पानांतून पाणी सोडतं, त्याने कडेचा वारा जरा तरी निवतो. प्लास्टिक उलट तापतं.

गिरणाकाठ
आणि फुलपाखरू येत नाही.

प्लास्टिकबहार
बरं, उन्हात पांढरं पडतं हे मान्य. सावलीतल्या पोर्चपुरतं माझं म्हणणं ठेवा.

तापीकाठ
उशिरा येतोय. जुन्या घरांचं कुणी आठवलं नाही. आमच्या चोपड्याकडच्या धाब्याच्या घराला पुढे ओटा होता, वर लाकडी सज्जा. आजी सज्जाच्या कठड्याला मातीची फुटकी मडकी सुतळीने बांधायची. त्यात पानओवा, गवती चहा, एका मडक्यात पुदिना. सजावट असा शब्द तिने कधी उच्चारला नसेल. मडक्याचा फुटका काठ ती मुद्दाम भिंतीकडे वळवायची आणि चांगली बाजू रस्त्याकडे. मडक्यातून पाणी झिरपून बाहेरून गारवा येई, मुळं उन्हाळाभर थंड. भाजलेल्या मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा जड आहे आणि पाणी जास्त मागते, पण मुळं शिजू देत नाही. खालच्या पोर्चच्या कठड्याला, जिथे वजनाची काळजी नाही, तिथे मातीचीच वापरा.

सांजवारा
तापीकाठ, सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या त्यांच्या माहेरी एरंडोलकडेही असंच. आता पानओवा पक्का.

सगळ्यांचं वाचून असं ठरवलंय. वरच्या रेलिंगला आतल्या बाजूने चार प्लांटर, दहा इंच खोल, नटबोल्टच्या चौकटीत. वेल्डर येऊन रेलिंगचे पाय बघून गेला, दोन ठिकाणी पक्के करायला सांगितलेत. माती पोयट्याची, वर टरफलं. आत्ता दोन प्लांटरमध्ये मिरची, दोन रिकामे ठेवून ऑक्टोबरमध्ये पांढरा-गुलाबी पेट्युनिया. मार्चमध्ये तो काढून पोर्तुलाका आणि सेटक्रिएशिया. खाली मातीच्या कुंड्यांत पानओवा, सदाफुली, एका कोपऱ्यात ड्रममध्ये बोगनवेल. ठिबक दोन्हीकडे. काही राहिलं का?

मोजपट्टी
पाय पक्के केलेत, उत्तम. वेल्डिंगच्या जागी प्राइमर मारून घ्या, कुंडीच्या ओलीने तिथूनच गंज धरतो.

गिरणाकाठ
ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रोपं दिसली तरी घाई करू नका. ऑक्टोबरचं ऊन पेट्युनियाला कोवळेपणी सोसत नाही. रात्री गार व्हायला लागल्या की लावा. बी टाकणार असाल तर ते धुळीसारखं बारीक असतं आणि उगवायला उजेड लागतो, मातीने झाकू नका, नुसतं दाबा. पण दिवाळी गाठायची तर रोपंच घ्या. शेंडा एकदा खुडा, पसरट होतं.

ओटा_पडवी
एप्रिल-मेसाठी 50 टक्के ऊन अडवणारी शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, आत्ताच आणून ठेवा, उन्हाळ्यात ती शोधत फिरावं लागतं. रेलिंगला नका बांधू, वरच्या स्लॅबपासून तिरकी बाहेर ओढा, म्हणजे दुपारचं ऊन अडतं आणि सकाळचा उजेड मिळतो.

सांजवारा
शेडनेट हिरवी की पांढरी? हिरवीने घरात सगळं हिरवट दिसतं असं एकीने सांगितलं.

ठिबकवाला
गॅलरीला पांढरी घ्या. सावली टक्क्यांवर ठरते, रंगावर नाही. घेताना टक्के विचारून घ्या आणि कडेला शिवलेली पट्टी आहे का बघा, नाहीतर पहिल्याच वादळात कडेपासून उसवते.

नंदुरबारी
मिरचीचं रोप आणलं का ताई?

सांजवारा
सहा आणलीत. सासूबाईंनी दोन स्वतःच्या हाताने लावली. उरलेल्या चारांची जागा अजून ठरायची आहे, एका प्लांटरमध्ये दोन चालतील का?

नंदुरबारी
दीड फूट लांबीत दोन चालतील, मधे एक वीत सोडा. तिसरं घुसवू नका.